जेट लॅग : घड्याळ बदलतं, शरीर मागे राहतं

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आधीच एक कबुली देतो. हा लेख लांबच्या विमानप्रवासावर आहे, पण लिहिणारा आजवर एकदाही विमानात बसलेला नाही. कुणी म्हणेल, मग हा शहाणपणा कुठून आला? तो आला माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून. त्या चुकीमुळे माझ्या वडिलांच्या जिवावर बेतलं असतं. तुमच्यापैकी कितीतरी जण एमएससाठी बाहेर जाणार आहेत, आणि तुम्ही गेलात की मागोमाग कधीतरी तुमचे आईवडीलही येणार आहेत. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

माझी ताई न्यू जर्सीला असते. तिच्या बाळंतपणासाठी नोव्हेंबरच्या मध्यावर आई आणि आण्णा तिकडे गेले. आमचं गाव राहुरी तालुक्यात. आण्णांचा त्याआधीचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एकदा रेल्वेनं काशीयात्रा. नगरहून आळेफाटा, माळशेज घाट करत जीपनं मुंबई, तिथून विमानानं आखात, आणि तिथून पुढे अमेरिका. घरातून निघाल्यापासून ताईच्या दारात पोचेपर्यंत दीड दिवस मोडला.

ताईनं फोनवर विचारलं, "दोघं फार दमलेत, काय करू?" मी होस्टेलच्या गच्चीवरून ऐटीत सांगितलं, "दमलेत ना? मग पडदे लाव आणि दुपारभर झोपू दे. दोन दिवसांत होतील ठीक."

ते ठीक झाले नाहीत. रोज सकाळी अकरा-साडेअकराला दोघांच्या माना पडायच्या, ते संध्याकाळी सहाला उठायचे आणि मग रात्रभर टक्क जागे. तिसऱ्या रात्री अडीच वाजता आईनं भाकरी टाकल्या, तव्याचा धूर झाला आणि धुराची घंटा वाजून सगळी बिल्डिंग जागी झाली. यावर आम्ही फोनवर पोट धरून हसलो. सहाव्या दिवशी मात्र हसू मावळलं.

आण्णांना मधुमेह आहे. सकाळी एक आणि रात्री एक अशी गोळी. हातात त्यांचं जुनं एचएमटीचं घड्याळ, आणि ते बदलायला ते तयार नव्हते. "तिकडं गेलो म्हणून काय झालं, घड्याळ आपलंच चालायचं." सहाव्या दिवशी रात्री आठला जेवणानंतर ताईनं त्यांना रात्रीची गोळी दिली. दीड तासानं, म्हणजे साडेनऊला, एचएमटीत सकाळचे आठ वाजले. आण्णांनी सवयीनं सकाळची गोळीही घेतली, आणि त्यावर काही खाल्लं नाही. रात्री एकच्या सुमारास अंगाला दरदरून घाम, हात थरथरायला लागलेले, बोलणं अडखळायला लागलेलं. ताईनं मशिनवर रक्तातली साखर पाहिली तर ५४. तिनं लगेच साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग खायला दिलं. ती जागी होती म्हणून निभावलं.

त्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन बसलो. तिथे जे कळलं ते असं.

जेट लॅग म्हणजे थकवा नव्हे

पहिला गैरसमज हाच. प्रवासाचा थकवा वेगळा आणि जेट लॅग वेगळा. थकवा एसटीनं नागपूरला गेलं तरी येतो आणि रात्रभर झोपलं की जातो. जेट लॅग येतो तो वेळेचे पट्टे ओलांडल्यामुळे. काकडीला शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. तिथून कुणी दिल्लीला गेला तर त्याला जेट लॅग होत नाही, कारण सगळ्या देशाचं घड्याळ एकच आहे.

हे एकच घड्याळसुद्धा माणसानं ठरवलेलं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची. नगर शहर साधारण ७४.७५ अंशावर. फरक ७.७५ अंशांचा, आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३१ मिनिटं. आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा नगरचा सूर्य सरासरी अर्धा तास मागेच असतो. एवढा फरक शरीराला कळतही नाही. पण न्यू जर्सीचा फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा आहे, आणि तिकडे मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे करतात तेव्हा साडेनऊ तासांचा.

आतलं घड्याळ

१७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूचं रोप अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. म्हणजे वेळ बाहेरून येत नव्हती, ती रोपाच्या आतच होती. हे आतलं घड्याळ पेशीत नेमकं कसं चालतं, हे फळमाशीवर काम करून दाखवल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

माणसात हे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. सुमारे २०,००० पेशींचा तो पुंजका. झोप, भूक, शरीराचं तापमान, पोट साफ होण्याची वेळ, सगळ्यांचं टाइमटेबल तिथून निघतं.

ईअँडटीसीवाल्यांना हे चटकन समजेल. हा एक ऑसिलेटर आहे. बाहेरचा काहीच सिग्नल नसेल तर त्याचा स्वतःचा पीरियड २४ तासांहून थोडा जास्त, सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतो. रोजचा सूर्यप्रकाश त्याला धक्का देऊन २४ वर लॉक करून ठेवतो. अगदी फेज लॉक लूपसारखं. विमानानं गेल्यावर इनपुट एकदम साडेदहा तासांनी सरकतं, आणि लूपला पुन्हा लॉक व्हायला दिवस लागतात. तो मधला काळ म्हणजे जेट लॅग.

आणि पीरियड २४ पेक्षा जास्त असल्यामुळेच हे घड्याळ मागे टाकणं, म्हणजे उशिरा झोपणं आणि उशिरा उठणं, सोपं जातं. पुढे ओढणं अवघड. पश्चिमेकडे जाताना दिवसाला साधारण दीड तास जुळतो, पूर्वेकडे येताना साधारण एकच तास. हे सरासरी आकडे आहेत, माणसागणिक कमीजास्त होतात.

आनंदीबाईंना जेट लॅग का झाला नाही?

डॉ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. एकूण ५८ दिवस. कलकत्ता आणि न्यूयॉर्क यांच्या सूर्यवेळेतला फरक सुमारे १० तास ४९ मिनिटं, म्हणजे ६४९ मिनिटं. भागा ५८ नं. दिवसाला सरासरी ११ मिनिटं! त्यांचा प्रत्येक दिवस सरासरी ११ मिनिटांनी लांबत होता, आणि माणसाच्या आतल्या घड्याळाची नैसर्गिक चालही जवळपास तेवढीच. बोटीवर त्यांना बाकीचे हाल काही कमी झाले नसतील, पण जेट लॅग होण्याचं कारणच नव्हतं.

पुढे ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. ते पंख्यांचं विमान होतं, आणि पोचायला दोन दिवस लागले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि एअर इंडिया न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. आनंदीबाईंनी ५८ दिवसांत ओलांडलेलं अंतर आण्णांनी दीड दिवसात ओलांडलं. शरीर मात्र आनंदीबाईंच्या काळातलंच आहे.

औषध एकच : योग्य वेळी प्रकाश

आता मुख्य मुद्दा. प्रकाश केव्हाही घेऊन चालत नाही. आपण रोज ज्या वेळी आपोआप उठतो त्याच्या साधारण अडीच तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या वेळेला आपण 'तळबिंदू' म्हणू. नियम दोनच :

१) तळबिंदूच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांवर प्रकाश पडला तर घड्याळ मागे पडतं, झोप उशिरा येऊ लागते.
२) तळबिंदूच्या नंतरच्या काही तासांत प्रकाश पडला तर घड्याळ पुढे सरकतं, झोप लवकर येऊ लागते.

पेपरात येतं तसं उदाहरण सोडवू.

उदाहरण १. दिले आहे : आण्णा भारतात रात्री १० ला झोपतात, पहाटे ५ ला उठतात. न्यू जर्सी साडेदहा तास मागे. काढा : पहिल्या दिवशी प्रकाश केव्हा घ्यावा?

उत्तर : तळबिंदू = पहाटे ५ वजा अडीच तास = भारताचे रात्री अडीच. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यू जर्सीचे दुपारचे ४. पश्चिमेला गेल्यामुळे घड्याळ मागे टाकायचं आहे, म्हणून प्रकाश ४ च्या आधी. म्हणजे दुपारी १२ ते ४ बाहेर उजेडात फिरायचं. दुसऱ्या दिवशी तळबिंदू साडेपाचला, तिसऱ्या दिवशी ७ ला, असा रोज दीड तासानं पुढे जात सात दिवसांत तो तिकडच्या रात्री अडीचला जाऊन बसतो. हिशोब पूर्ण.

हे उत्तर वहीत उतरवलं तेव्हा मला घाम फुटला. दुपारी बारा ते चार! औषध बाहेर रस्त्यावर फुकट सांडलेलं होतं, आणि नेमक्या त्याच चार तासांत मी ताईला पडदे लावायला सांगितलं होतं. सहाव्या दिवशीही आण्णांचं शरीर राहुरीतच होतं, त्यात माझाच हात होता.

त्याच रात्री ताईला फोन केला. दुसऱ्या दिवसापासून दाजी दोघांना जेवणानंतर जबरदस्तीनं बागेत न्यायला लागले. आण्णा कुरकुरले, कारण नोव्हेंबरची थंडी. पण आठवड्याभरात ते रात्री अकरा ते पहाटे पाच झोपू लागले. एचएमटी घड्याळही अखेर साडेदहा तास मागे झालं.

येताना चूक केली नाही

एप्रिलअखेरीस दोघं परतले. तेव्हा फरक साडेनऊ तासांचा होता. या वेळी गणित आधी केलं.

उदाहरण २. तिकडे उठायची वेळ सकाळी ६, म्हणून तळबिंदू साडेतीन, म्हणजे भारताचे दुपारी १. आता घड्याळ साडेनऊ तास पुढे ओढायचं. दिवसाला एक तास धरला तर साडेनऊ दिवस. उलट्या बाजूनं साडेचौदा तास मागे टाकलं तर दिवसाला दीड तासानं पावणेदहा दिवस. म्हणजे दोन्ही रस्ते सारखेच लांब. इथेच लोक फसतात. एक दिवस सकाळचं ऊन, एक दिवस संध्याकाळचं, असं केलं की रस्सीखेच होते आणि घड्याळ जागचं हलत नाही. रस्ता एकच ठरवायचा.

आम्ही पुढे ओढायचं ठरवलं. निघण्याआधी तीन दिवस ताईनं दोघांना रोज एकेक तास लवकर झोपवलं, लवकर उठवलं आणि उठल्याबरोबर उजेडात बसवलं. त्यामुळे तीन तास तिथेच जुळले, आणि भारतात उतरताना तळबिंदू दुपारी १ ऐवजी सकाळी १० वर आला. म्हणून गावी पहिल्या दिवशी १० पर्यंत घरात, अंधाऱ्या खोलीत. बाहेर पडावंच लागलं तर गॉगल. दहानंतर ओसरीवर भरपूर उजेडात. दुसऱ्या दिवशी हीच वेळ ९, तिसऱ्या दिवशी ८. आण्णा गॉगल लावून गोठ्यात गेले ते गावानं अजून विसरलेलं नाही. पण सातव्या दिवशी सकाळी सहाला ते नेहमीसारखे उसाला पाणी द्यायला गेले.

विमानात काय करावं

* कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. विमान ३५-४० हजार फुटांवर असतं, तेव्हा आतल्या हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. म्हणजे चौदा-पंधरा तास कळसूबाईहून उंच जागी बसून काढायचे. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
* आतली हवा कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली. पाणी थोडं थोडं पण सारखं प्या. आपल्याकडच्या आया 'सारखं उठावं लागतं' म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यांना मधल्या वाटेकडेची सीट घेऊन द्या.
* तासन् तास पाय लोंबते राहिले की पोटऱ्यांच्या आतल्या शिरांत रक्त साचतं, क्वचित गुठळी होते. पोटरीचा स्नायू हा पंप आहे. दर तासाला टाच-चवडा वर-खाली वीस वेळा करा, आणि जमेल तेव्हा उठून फेरी मारा. एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, किंवा प्रवासानंतर अचानक दम लागला, तर लगेच डॉक्टर गाठा.
* बसल्याबरोबर घड्याळ तिकडच्या वेळेवर लावा. तिकडे रात्र असेल तर डोळ्यांवर पट्टी आणि झोप. दिवस असेल तर जागं राहा.
* चहा-कॉफीचा अंमल घेतल्यावर पाच तासांनीही निम्मा उरतो. तिकडच्या दुपारनंतर नको. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते.
* पोचल्यावर अगदीच डोळे मिटत असतील तर गजर लावून वीस-तीस मिनिटं झोपा. त्याहून जास्त नाही.
* झोपेसाठी मेलॅटोनिनच्या गोळ्या मिळतात. चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ उलट्या बाजूला जातं, आणि इतर औषधांशी तिचा मेळ बसतो का हेही पाहावं लागतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.
* आईवडिलांना एकट्यानं पाठवताना तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा. चालता येत असलं तरी. मोठ्या विमानतळावर दुसरं विमान शोधण्याची आणि इंग्रजीची भीती निम्मी जाते.

औषधांचा कागद

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, थायरॉइड, कशाचीही रोजची गोळी असेल तर निघण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांकडे विमानाच्या वेळा घेऊन जा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना आखडतो. त्यामुळे इन्सुलिन आणि साखरेच्या गोळीच्या वेळा आणि कधीकधी प्रमाणही बदलावं लागतं. ते आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या : कोणती गोळी, कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे, किती वाजता. घेतली की पेननं खूण करायची. घड्याळ एकच ठेवायचं. औषधं, चिठ्ठी आणि साखर मोजायचं मशिन हातातल्या बॅगेत, कारण मोठी बॅग कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. आणि खिशात ग्लुकोज किंवा साधी साखर.

परत येताना आण्णांच्या खिशात असा कागद होता. साखर एकदाही घसरली नाही.

आणि आपलं काय?

आता होस्टेलकडे वळू. सबमिशनच्या आठवड्यात आपण पहाटे चारला झोपतो, रविवारी बाराला उठतो, आणि सोमवारी सकाळी प्रॅक्टिकलला जातो. झोप चार तासांनी सरकली म्हणजे शनिवारी पॅरिसला जाऊन सोमवारी पहाटे परत आल्यासारखंच झालं. भारत आणि पॅरिस यांच्यातला फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा आहे. तिकीट नाही, व्हिसा नाही, पण जेट लॅग पूर्ण. पहिल्या तासाला वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उपाय तोच : उठायची वेळ रोज एक ठेवा, उठल्यावर अर्धा तास उघड्यावर या, आणि रात्री डोळ्यांसमोरचा मोबाइल खाली ठेवा.

मी आण्णांना हे सगळं समजावून सांगत होतो, आकृती काढून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, मला काय जेट लॅग सांगतो? शेतीला आठवडाभर रात्रीची लाईट असली की आम्ही रात्रभर बारे देतो. पुढच्या आठवड्यात परत दिवसाची. आमचं हे कायमचंच हाये." मी गप्प झालो. कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारे माझे मामा आठवले. सीझनभर त्यांचा चेहरा तसा का असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या पाळ्या मी बदलू शकत नाही. पण मामा सकाळी घरी येऊन झोपतात तेव्हा त्यांच्या खिडकीला जाड पडदा हवा, आणि त्या वेळी घरात टीव्ही बंद हवा, एवढं मी सुट्टीत जाऊन केलं.

येत्या ऑगस्टमध्ये आपल्यापैकी जे उडणार आहेत, त्यांनी बॅगेत लोणचं आणि भाजणीबरोबर हे गणितही न्यावं. आणि आईवडिलांना बोलवाल तेव्हा आधी कागद करा, मग तिकीट. सगळ्यांना शुभेच्छा!